कारण अज्ञात, कर्तव्य ज्ञात

लोणावळ्याहून आगगाडीनें पुण्याकडे निघालें म्हणजे मळवली स्टेशनाच्या सुमारास उजव्या हातास लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले दिसूं लागतात. लोहगडावर चढतांना गणेश, नारायण, हनुमान आणि महा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. परंतु शिवकालीं किल्ल्याचें रक्षण केवळ तटावर आणि दरवाजांवर सोंपविलेलें नसे. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यांत असत, शिबंदीची हजिरी व जमाखर्च सबनीस ठेवी, आणि धान्याचें व दारूगोळ्याचें कोठार कारखानीस पाही. हे अधिकारी प्रत्येक वेळीं तरवार घेऊन तटावर उभे राहात असें नाहीं. परंतु ते नसते तर शिपाई असूनहि कोणीं कोठें धांवावें, हें कोणासच कळलें नसतें.

मनुष्याच्या शरीरांतहि अशीच व्यवस्था आहे, आणि क्वचित् कांहीं प्रौढ माणसांच्या शरीरांत या व्यवस्थेंतील हवालदार फार थोडे उरतात. ते कां उरत नाहींत याचें कारण पुष्कळ शोध करूनहि सांपडत नाहीं. वैद्यकांत या अवस्थेस ‘इडियोपॅथिक सी.डी.४ लिम्फोसायटोपेनिया’ असें लांबलचक नांव आहे; मराठींत तिला ‘अज्ञातकारण सी.डी.४ पेशीक्षीणता’ म्हणतां येईल. नांव अवघड असलें तरी वस्तु समजण्यास कठीण नाहीं. आणि ती समजून घेण्याची गरज डॉक्टरांइतकीच घरच्या माणसांनाहि आहे. कारण अशा रोग्याचें बरेंवाईट पुष्कळदां, घरांतील माणसें त्याच्या तक्रारीकडे कोणत्या दृष्टीनें पाहतात, यावर अवलंबून असतें.

रक्तांत ज्या पांढऱ्या पेशी असतात त्या सर्व एकाच जातीच्या नसतात. कांहीं पेशी जंतूंना गिळून टाकतात. कांहीं पेशी प्रतिपिंडें तयार करतात. ज्या पेशींत विषाणु शिरला असेल तिचाच नाश करणें, हें आणखी कांहींचें काम असतें. याखेरीज एक वर्ग आहे, त्यास साहाय्यक पेशी म्हणतात. उरोस्थीच्या मागें थायमस नांवाची एक ग्रंथि असते. तिच्यांत या पेशी पक्व होऊन बाहेर पडतात. ही ग्रंथि फार काळ एक निरुपयोगी अवशेष समजली जाई. १९६१ सालीं लंडन येथें जॅक मिलर या संशोधकानें उंदरांवर प्रयोग करून तिचें महत्त्व दाखवून दिलें. साहाय्यक पेशींच्या पृष्ठभागावर सी.डी.४ नांवाचें एक प्रथिन असतें व त्यावरून त्या ओळखल्या जातात. शत्रु कोणता आला आहे हें ओळखून इतर पेशींना रासायनिक संदेश पाठविणें, हें त्यांचें मुख्य कार्य होय. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत या पेशी साधारणपणें ५०० ते १५०० असतात. त्या घटल्या म्हणजे शिबंदी शाबूत असूनहि हुकूम देणारा राहात नाहीं, आणि एरवीं निरुपद्रवी असलेले जंतु दरवाजांतून सुखेनैव आंत येतात.

या पेशी मोजण्याची संवय वैद्यकास एड्स या रोगानें लावली. ५ जून १९८१ रोजीं अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेंत, लॉस एंजेलिस येथील पांच तरुणांना जडलेल्या एका विलक्षण न्यूमोनियाची हकीकत प्रसिद्ध झाली. १९८३ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यामागील विषाणु सांपडला. त्यासच पुढें एच.आय.व्ही. हें नांव मिळालें. हा विषाणु नेमका सी.डी.४ पेशींतच शिरून त्यांचा नाश करतो. भारतांत तो १९८६ सालीं तेव्हांच्या मद्रास शहरांत प्रथम आढळला. तो शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या जन्मानें गायतोंडे, मद्रासेंत राहणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबांतील कन्या होत. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिनें रक्ताचे नमुने गोळा केले. हा रोग आपल्या देशांत येणारच नाहीं, अशी तेव्हां पुष्कळ जाणत्यांचीहि समजूत होती. या दोघींनीं समजुतीपेक्षां तपासणीवर अधिक विश्वास ठेवला, म्हणून देशास वेळेवर इशारा मिळाला.

याप्रमाणें पेशी घटण्याचें कारण सांपडलें, आणि प्रश्न सुटला असें वाटूं लागलें. परंतु जुलै १९९२ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें एड्सविषयीं जागतिक परिषद भरली, तेव्हां कांहीं डॉक्टरांनीं निराळ्याच रोग्यांची माहिती पुढें आणली. त्या रोग्यांच्या सी.डी.४ पेशी एड्सच्या रोग्यांप्रमाणेंच घटल्या होत्या, त्यांना तसेच आजारहि जडले होते; परंतु वारंवार तपासूनहि त्यांच्या रक्तांत एच.आय.व्ही.चा मागमूस लागत नव्हता. वर्तमानपत्रांतून एकच गवगवा झाला. आणखी एखादा नवा, अदृश्य विषाणु जगांत शिरला कीं काय, अशी धास्ती लोकांना वाटूं लागली. अमेरिकेंतील रोगनियंत्रण केंद्रानें आपल्या दप्तरांतील २,३०,१७९ रोग्यांच्या नोंदी चाळल्या. इतर मार्गांनीं कळलेले रोगीहि जमेस धरून या नव्या व्याख्येंत बसणारे सारे ४७ निघाले. त्यांत पुरुष २९ व स्त्रिया १८ होत्या. वयें १७ पासून ७८ पर्यंत होतीं. तिघांना तर कोणताहि त्रास नव्हता. या रोग्यांचे निकटचे सोबती तपासले असतां, हा विकार एकापासून दुसऱ्यास होतो असा पुरावा मिळाला नाहीं. फेब्रुवारी १९९३ मध्यें ही माहिती प्रसिद्ध झाली आणि नव्या विषाणूची धास्ती ओसरली. धास्ती ओसरली, रोगी मात्र राहिले.

त्याच वेळीं या अवस्थेची जी व्याख्या ठरली ती मोठी सावधपणाची आहे. एका घन मिलिमीटरांत सी.डी.४ पेशी ३०० पेक्षां कमी असाव्या, किंवा एकंदर टी-पेशींत त्यांचें प्रमाण शेंकडा २० पेक्षां कमी असावें. ही गोष्ट एकदां नव्हे, निदान सहा आठवड्यांच्या अंतरानें दोनदां दिसून यावी. एच.आय.व्ही.चा संसर्ग नसावा. आणि पेशी घटविणारा दुसरा कोणताहि रोग अथवा औषध कारणीभूत नसावें. यांतील प्रत्येक अटीस अर्थ आहे. साध्या विषाणुज्वरांतहि या पेशी कांहीं दिवस उतरतात व मग आपोआप चढतात. स्टेरॉइड औषधांनीं त्या कमी होतात. आणि आपल्याकडे विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, क्षयरोगांतहि त्या उतरतात आणि क्षयावरील औषधें पुरीं घेतल्यावर पुष्कळदां पूर्वपदावर येतात. म्हणून एका कागदावरील एक आंकडा पाहून घाबरून जाणें जितकें चुकीचें, तितकेंच तो आंकडा खिशांत घालून विसरून जाणें चुकीचें.

‘इडियोपॅथिक’ हा शब्द मूळ ग्रीक आहे. ‘ज्याचें कारण त्याच्याच ठायीं’ असा कांहींसा त्याचा अर्थ. व्यवहारांत मात्र ‘कारण कळलें नाहीं’ एवढाच अर्थ उरला आहे. कारण कळत नाहीं असें डॉक्टरानें म्हटलें कीं, घरच्या माणसांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर रोग कांहींच नाहीं, मनाचे खेळ आहेत. नाहीं तर डॉक्टराला कांहीं येत नाहीं, दुसरा पाहावा. वास्तविक हा शब्द अज्ञानाची कबुली असला तरी तो तपासाचा शेवट नव्हे. जें निरीक्षण ठराविक चौकटींत बसत नाहीं तें टाकून न देतां जपून ठेवलें, म्हणजे त्यांतूनच ज्ञान वाढतें. मुंबईस डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना कांहीं माणसांचें रक्त ठाऊक असलेल्या कोणत्याच गटाशीं जुळत नाहीं असें आढळलें. तपासणींत चूक असेल म्हणून त्यांनीं तें सोडून दिलें नाहीं. १९५२ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं तें जाहीर केलें, आणि ‘बॉम्बे रक्तगट’ हें नांव जगभर झालें. आज त्या दुर्मिळ गटाच्या रोग्याला भलतें रक्त दिलें जाण्यापासून वांचवितां येतें, तें त्या न जुळणाऱ्या निरीक्षणाचा मान राखल्यामुळेंच.

आतां हा विकार प्रत्यक्ष कसा दिसतो तें पाहावें. पेशी घटल्याचें रोग्याला स्वतः कळत नाहीं. त्याची गांठ पडते ती त्यांतून उद्भवणाऱ्या आजारांशीं. कोणास अंगावर नागीण उठते, तीहि पुनःपुन्हां. कोणास हातापायांवर चामखीळ येतात आणि कांहीं केल्या जात नाहींत. कोणाच्या तोंडांत पांढरी बुरशी सांचते. या गोष्टी निरोगी माणसांनाहि होतात, म्हणून त्यांकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. परंतु सर्वांत घातुक आजार म्हणजे क्रिप्टोकॉकस नांवाच्या बुरशीमुळें होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह.

ही बुरशी कांहीं परकी नव्हे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेंत ती असते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांना ती जांभळासारख्या झाडांच्या कुजक्या ढोलींतहि सांपडली आहे. श्वासाबरोबर तिचे सूक्ष्म कण कोणाच्याहि छातींत जाऊं शकतात. निरोगी माणसाचें शरीर त्यांचा तेथेंच बंदोबस्त करतें; म्हणून मावळांतील जांभळाखालीं बसण्यास कोणीं भिण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें हुकूम देणाऱ्या पेशीच थोड्या असतात, तेथें ही बुरशी रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोंचते.

पवन मावळांतील एका चाळिशीच्या शेतकऱ्याची कल्पना करावी. भातलावणी नुकतीच आटोपली आहे. त्याचें डोकें दुखूं लागतें. पावसांत भिजल्यामुळें असेल, असें घरांत म्हणतात. आठवड्यानें पित्त असेल असें ठरतें. दुकानांतून गोळ्या आणल्या जातात. त्यांनीं दोन तास बरें वाटतें. तिसऱ्या आठवड्यांत बारीक ताप, ओकाऱ्या आणि डोळ्यांपुढें एकाच्या दोन वस्तु दिसणें सुरूं होतें. चष्मा बदलावा असें कोणी सुचवितो. अशा रीतीनें जे तीन आठवडे जातात तेच सर्वांत मोलाचे असतात. या बुरशीचा दाह एकाएकीं भडकत नाहीं, तो आठवड्याआठवड्यांनीं चढत जातो. आणि तो चढत असतां कवटींतील दाब वाढून दृष्टि कायमची जाण्याचा आणि जीवासहि मुकण्याचा संभव असतो.

पुढें अशा रोग्याला गांवच्या आरोग्य केंद्रांतून वडगांव-तळेगांवाकडे व तेथून पुण्यास ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयांत न्यावें लागतें. तेथें डॉक्टर पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून तपासूं असें म्हणतात, आणि येथें पुष्कळ कुटुंबें अडतात. पाठींतून पाणी काढलें कीं माणूस लुळा होतो, ही समजूत शहरांतहि आहे. ती निराधार आहे. सुई जेथें टोंचतात तेथें मज्जारज्जु संपलेला असतो. आधीं आवश्यक ती तपासणी करून जाणत्या हातानें केलेली ही क्रिया या रोगांत तपासणी तर असतेच, परंतु वाढलेला दाब उतरविणारा उपचारहि असते. काढलेल्या पाण्यांत काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां, काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीभोंवतीं, चंद्राभोंवतीं खळें असावें तसें, स्वच्छ वलय दिसतें. याहून अधिक खात्रीच्या व जलद चांचण्याहि आतां निघाल्या आहेत.

या बुरशीवरील मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन-बी हें होय. २०२१ सालीं ‘काळ्या बुरशी’च्या प्रसंगीं त्याचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं पोहोंचलें होतें. प्रारंभीं कांहीं दिवस शिरेवाटे हें औषध, जोडीला शक्य तेथें फ्ल्यूसायटोसीन, आणि पुढें कित्येक महिने फ्ल्यूकोनॅझोलच्या गोळ्या, असा हा क्रम चालतो. ॲम्फोटेरिसिन ज्या औषधांच्या कुळांतील आहे, त्याच कुळांतील हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध मावळाच्या शेजारीं पिंपरी येथें सांपडलें, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते. १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेंत डॉ. तिरुमलाचार यांनीं मातींतील एका सूक्ष्मजीवापासून तें काढलें, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांतच ‘पिंप्रिना’ म्हणून गांवाचें नांव गोंवलें. तें मुख्यतः वरून लावण्याच्या कामीं आलें. मेंदूच्या दाहावर चालतें तें ॲम्फोटेरिसिनच. तरीहि जी माती बुरशीला आसरा देते तीच तिच्यावरील औषधहि देते, हें पिंपरीच्या त्या शोधावरून ध्यानांत यावें.

डोकेंदुखीचें कारण बुरशी, एवढें कळल्यावर डॉक्टर साहजिकच पुढचा प्रश्न विचारतात : ही बुरशी या माणसाला कां बाधली? पहिली तपासणी एच.आय.व्ही.ची होते. ती ‘नाहीं’ अशी येते, आणि येथें दुसरा धोका उभा राहतो. घरच्यांना वाटतें, सुटलों. बुरशी बरी होते, रोगी घरीं जातो, आणि पेशी मोजण्याचें राहूनच जातें. खरें पाहतां याच ठिकाणीं तपास संपत नसून सुरूं होतो. पेशी मोजाव्या, सहा आठवड्यांनीं पुन्हां मोजाव्या. क्षय, रक्ताचे विकार, सांध्यांचे व इतर स्वप्रतिकारी रोग, घेतलेलीं औषधें, या सर्वांचा छडा लावावा. एड्सच्या सांथीमुळें एक गोष्ट मात्र चांगली झाली : सी.डी.४ पेशी मोजणारीं यंत्रें मोठ्या सरकारी रुग्णालयांतून आलीं. १९९२ सालींच, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या परिषदेच्याच वर्षीं, पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. मुंबईस परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारांत असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था प्रतिकारशक्तीच्या दुर्मिळ विकारांचें निदान करते. तेव्हां मावळांतील रोग्याला या तपासणीसाठीं परदेशीं जाण्याची गरज नाहीं; गरज आहे ती कोणीतरी तो प्रश्न विचारण्याची.

निदान झाल्यावर पुढें काय? येथें खोटी आशा दाखवूं नये, आणि खोटी निराशाहि पसरवूं नये. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं बेथेस्डा येथें अशा ९१ रोग्यांवर ११ वर्षांच्या काळांत लक्ष ठेवलें व त्याचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडा २९ जणांना चामखीळ उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे विकार होते आणि शेंकडा २४ जणांना क्रिप्टोकॉकसची बाधा झालेली होती. ज्यांच्या पेशी १०० पेक्षांहि कमी होत्या त्यांना संसर्गाचा व कर्करोगाचा धोका विशेष होता. परंतु त्याच अभ्यासांत असेंहि दिसलें कीं, नीट देखरेखीखालीं असलेल्या या रोग्यांचें मृत्यूचें प्रमाण सामान्य लोकांतील त्याच वयाच्या माणसांहून फारसें निराळें नव्हतें. कांहीं थोड्या रोग्यांत पेशी पुढें आपण होऊन वाढल्याचेंहि पूर्वीं आढळून आलें आहे. म्हणजे हा विकार एड्ससारखा, उपचार न केल्यास वर्षानुवर्षें उतरणीला लागणारा नव्हे. बहुतेकांत तो एका पातळीवर रेंगाळतो. त्यासाठीं एड्सवरील औषधेंहि द्यावयाचीं नसतात, कारण मारावयास तेथें विषाणुच नसतो.

उपचार म्हणजे मुख्यतः पहारा. पेशी २०० च्या खालीं असल्यास विशिष्ट न्यूमोनिया टाळण्यासाठीं डॉक्टर एक साधी, स्वस्त गोळी रोज घ्यावयास सांगतात. त्वचेची, तोंडाची आणि स्त्रियांत गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करावी लागते, म्हणजे कर्करोगाची सुरुवात वेळींच ध्यानांत येते. जिवंत जंतूंपासून केलेल्या लसी डॉक्टरांस विचारल्याशिवाय टोंचून घेऊं नयेत. मृत जंतूंच्या लसी मात्र उपयोगी पडतात. कबुतरांची विष्ठा सांचलेली जागा झाडण्याचें काम अशा माणसानें स्वतः करूं नये. आणि डोकेंदुखी, ताप किंवा धाप कांहीं दिवसांहून अधिक टिकली तर तीस ‘नेहमींची’ म्हणूं नये. पेशी वाढविणाऱ्या कांहीं औषधांचे प्रयोग झाले आहेत; परंतु सर्वांना लागू पडेल असा मुळावरचा उपाय अद्याप हातीं आलेला नाहीं.

कारणाचाहि शोध थांबलेला नाहीं. कांहीं थोड्या रोग्यांत जन्मतः आलेले जनुकांतील दोष सांपडले. त्यांपैकीं एकाचें वर्णन २०१२ सालीं झालें. कांहींच्या रक्तांत त्यांच्याच पेशींवर उलटणारीं प्रतिपिंडें आढळलीं, हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे ‘अज्ञातकारण’ हें एका रोगाचें नांव नसून, अनेक निरनिराळ्या रोगांची ती एक समाईक खोली असावी असा रंग दिसतो. जसजसें एकेकाचें कारण कळेल तसतसा तो त्या खोलींतून बाहेर पडेल व त्याला त्याचें स्वतःचें नांव मिळेल.

या सर्वांत रोग्याला जो त्रास औषधानें टळत नाहीं तो लोकांच्या जिभेचा. पेशी कमी, रोग एड्सच्या जातीचा, एवढेंच कानीं पडलें कीं, तपासणी ‘नाहीं’ आली हें कोणी ऐकत नाहीं. पाण्याचा पेला वेगळा होतो, मुलीच्या लग्नाची बोलणीं थांबतात, नोकरींत कुजबूज सुरूं होते. हा विकार स्पर्शानें, एकत्र जेवण्यानें किंवा संसारानें दुसऱ्यास होत नाहीं. आणि प्रत्यक्ष एच.आय.व्ही. असता तरीहि अशी वागणूक न्याय्य ठरली नसती. २०१७ सालीं आपल्या देशांत झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आलेला कायदा एच.आय.व्ही.बाधितांना भेदभावापासून संरक्षण देतो, आणि तपासणीसाठीं माणसाची संमति व निकालाविषयीं गुप्तता आवश्यक ठरवितो. कायद्याला कुजबूज मात्र थांबवितां येत नाहीं. ती शेजाऱ्यांनीं व नातेवाइकांनींच थांबवावी लागते.

दुसरा उपसर्ग उपकार करणाऱ्यांचा. करोनाच्या सांथीपासून ‘प्रतिकारशक्ति वाढविणारे’ काढे, चूर्णें आणि गोळ्या यांचा सुकाळ झाला आहे. लोणावळ्याची हवा, चांगलें अन्न, व्यायाम आणि झोंप यांनीं माणसाची प्रकृति सुधारते, यांत शंका नाहीं; परंतु या विकारांत घटलेल्या पेशी काढ्यानें वाढल्याचें कोणीं मोजून दाखविलेलें नाहीं. याच लोणावळ्यास १९२४ सालीं स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम संस्था स्थापन केली, ती योगाचे परिणाम प्रयोगशाळेंत यंत्रांनीं मोजून पाहावे या हेतूनें. परंपरेवर प्रेम असूनहि मोजमापावांचून दावा करूं नये, हा त्यांचा बाणा औषध विकणाऱ्यांनीं आणि विकत घेणाऱ्यांनीं सारखाच ध्यानांत ठेवावा. काढ्यापायीं बुरशीवरील गोळ्या सोडून देणें, ही तर या रोग्याच्या बाबतींत जिवाशीं गांठ आहे.

हा विकार फार थोड्यांना होतो. बहुसंख्य श्रोत्यांच्या घरीं तो कधींहि येणार नाहीं. परंतु जी टिकून राहिलेली डोकेंदुखी, जो पुनःपुन्हां येणारा संसर्ग, जी जात नसलेली चामखीळ या विकाराची खूण असते, ती खूण ओळखण्याची संवय इतर पुष्कळ रोगांतहि उपयोगी पडते. तक्रार कांहीं आठवडे टिकली तर तिचें कारण विचारावें. एका तपासणीनें कारण मिळालें नाहीं, तर दुसरी करावी. सर्व तपासण्या करूनहि तें मिळालें नाहीं, तर रोग्याला खोटा ठरवूं नये, दोषीहि ठरवूं नये, आणि पहारा सोडूं नये. कारण कोणाच्या हातीं नसेल. वेळेवर डॉक्टरांकडे नेणें, औषध पुरें देणें आणि त्याच पेल्यानें पाणी देणें, एवढें प्रत्येक घराच्या हातीं आहे.